कांताबाईंचा डाव

कांताबाईंच्या घरी चहा कोणी करायचा हे फासा ठरवतो. पाहुणा ओसरीवर टेकला की बाई कनवटीचा लाकडी फासा काढून त्याच्या हातावर ठेवतात. "टाका. ज्याचं कमी पडंल त्यो चहा करंल." तिथं वायरमननं चहा केलाय, पोस्टमननं केलाय. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारानं तर आपले पांढरेशुभ्र कपडे सांभाळत आलं ठेचलं आणि त्याचे कार्यकर्ते बाहेरून "साहेब, साखर बेतानं" म्हणून ओरडत होते.

मी केला तो खोली बघायला गेलो त्याच दिवशी. लातूरहून मुदखेडला बदली झालेली, सोबत बायको, सुनीता. मला एक पडला. मी उभ्या आयुष्यात चहा केलेला नव्हता. अनोळखी स्वयंपाकघरात जाऊन मी विचारलं, "साखरेचा डबा कुठाय?"

"शोधा," बाहेरून आवाज आला. "आमी बी लग्न होऊन आलो तवा शोधलाच की."

चहा कसा झाला ते सांगत नाही. सुनीता मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "खोली हीच घ्यायची."

कांताबाई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. यजमान रेल्वेत होते, ते वारले. मूलबाळ नाही. नोकरीत असताना गावोगाव बायकांच्या बैठका घ्यायच्या आणि समानतेवर भाषण द्यायचं, हे त्यांचं काम. "म्या बोलायची, बाया माना हालवायच्या. घरी जाऊन नवऱ्याच्या आधी जेवली का एक तरी? न्हाई." एकदा हदगावकडच्या एका गावात निम्म्या बायका बसल्या जागी पेंगलेल्या पाहून बाईंनी भाषण सोडलं, खडू घेतला आणि देवळापुढच्या फरशीवर चौकटी आखल्या. पेंगणाऱ्या बायका उठल्या त्या दिवेलागणीपर्यंत घरी गेल्या नाहीत. नवरे शोधत आले. बाईंनी त्यांनाही खेळायला बसवलं.

तेव्हापासून त्या खेळच तयार करतात. निवडणूक संपली की गावातले फ्लेक्स उतरवून आणायचे, पालथे अंथरायचे आणि कोऱ्या बाजूवर पट आखायचा. सोंगट्या म्हणजे ब्लाउजची नि शर्टाची बटणं. बाईंच्या कुठल्याही पटाखाली कोणीतरी पुढारी हात जोडून पालथा पडलेला असतो. "निदान हितं तरी बायांच्या कामाला आला," असं त्या म्हणतात.

त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ साधा आहे. मुदखेडहून निघायचं, नांदेडच्या कॉलेजात पोचायचं आणि परत यायचं. निळं बटण मुलाचं. फासा टाकायचा, चालायचं. लाल बटण मुलीचं. तिनंही फासा टाकायचा, चालायचं, पण प्रत्येक घरात थांबल्यावर बाकीच्या सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "कुठं चाललीस? कोण हाय संगं? कवा येणार?" तिन्हींची उत्तरं द्यायची. एकाचं जरी समाधान झालं नाही तरी दोन घरं मागं.

मला लाल बटण आलं, सुनीताला निळं. पहिल्यांदा मी हसत उत्तरं दिली. दुसऱ्यांदा जरा सविस्तर दिली. त्यानंतर मला घाम फुटायला लागला. सुनीता नांदेडला जाऊन, तिथं वडापाव खाऊन (तसं एक घर आहे) परत मुदखेडात आली, तरी मी स्टेशनच्या जिन्यावरच. "काय फालतू नियम आहे हा!" मी फासा आपटला.

"नियम म्या न्हाई केले, भाऊ," कांताबाई शांतपणे म्हणाल्या. "म्या फकस्त पटावर मांडले."

सुनीता हसत होती. हसता हसता तिनं डोळे पुसले, ते नुसतं हसण्यानं भरले नव्हते, हे मला खोलीवर गेल्यावर कळलं. ती दोन वर्षं उदगीरच्या कॉलेजला एसटीनं जात होती आणि मग जायची बंद झाली होती. का, ते मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं.

आता बालाजीरावांची गोष्ट. ते आमच्या समोर राहतात, शेत गावाबाहेर आहे. त्यांच्या प्रियंकाला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळत होता आणि बालाजीराव नाही म्हणून बसले होते. माणूस वाईट नाही. पोरीला तळहातावर वाढवलेली. पण "जमाना खराब हाय" या एका वाक्यापाशी त्यांची गाडी थांबायची. लिंबगावकडचं एक स्थळही येऊन गेलं होतं. प्रियंका रोज कांताबाईंच्या पायरीवर येऊन मुकाट बसायची. बाई एका शब्दानं बालाजीरावांशी भांडल्या नाहीत. रविवारी दुपारी त्यांनी नुसता निरोप धाडला: डावाला माणूस कमी पडून राहिलाय, आईला घेऊन या.

बालाजीराव आले. सोबत त्यांची आई, गिरजाआजी. आजी म्हणजे तंबाखूची चंची आणि जरब. सून तिच्यापुढं अजून डोक्यावरचा पदर पडू देत नाही. निळं बटण बालाजीरावांना आलं आणि लाल आजीला. प्रियंका दाराला टेकून उभी होती.

आम्ही ओरडलो, "कुठं चाललीस?"

"शाळंला," आजी म्हणाली.

"कोण हाय संगं?"

"कोण न्हाई."

बालाजीराव रंगात आले. "समाधान न्हाई! आई, दोन घरं मागं!" आजी मागं गेली. पुन्हा फासा, पुन्हा आमचा गलका, पुन्हा मागं. बालाजीरावांचं निळं बटण परतीच्या वाटेला लागलं होतं. आजीनं हळूहळू उत्तरं देणंच सोडलं. ती त्या लाल बटणाकडे एकटक बघत राहिली. मग तिनं ते उचललं, हात लांब केला आणि थेट नांदेडच्या घरात ठेवून दिलं.

"झालं. पोचली."

"आई, आसं न्हाई चालत," बालाजीराव हसत म्हणाले. "नियम हाय."

"नियमानंच चालले की रे जलमभर," आजी म्हणाली. "कुठं पोचले? न्हाणीपासून चुलीपस्तोर."

कांताबाई रडीचा डाव खपवून घेत नाहीत. माझा हात तर त्यांनी दोनदा पकडलाय. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. आजी गुडघ्यावर हात देऊन उठली, प्रियंकाजवळ गेली आणि तिचा दंड धरून लेकाला म्हणाली, "हिला उद्या घेऊन जा. तुला जमत न्हाई तर म्या जाते. मला गाडीत चढता येतं."

बालाजीरावांनी आपलं निळं बटण उचलून कांताबाईंच्या हातावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते प्रियंकाला घेऊन गेले, आजीही हट्टानं गेली. तिनं नांदेडला कॉलेज पाहिलं आणि "फरशी लई गुळगुळीत हाय" एवढाच अभिप्राय दिला. प्रियंका आता दुसऱ्या वर्षाला आहे.

हे सगळं घडल्यावर कांताबाई खुशीत असतील असं मला वाटलं. प्रवेश झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं. "घे की. घाई कामून करून राहिलीस? तुझाच हाय डाव." कोणी पाहुणी असेल म्हणून मी दाराशी थबकलो.

बाई एकट्याच जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात सागरगोटे. उजव्या हातानं त्या खेळायच्या, चुकलं की डाव्या हातानं खेळायच्या. डावा हात चपळ चालत होता. मला बघून त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "या. शांतीचा डाव चालू हाय."

शांती त्यांची धाकटी बहीण. डावखुरी होती. "सोयरीक माझी आलती, निलंग्याकडची," बाई सागरगोटे चाळवत म्हणाल्या. "पाव्हणे आले त्या दिवशी म्या तापानं फणफणलेली. रिकामं कसं धाडायचं म्हून शांतीला पुढं बसवलं. तिला तर लुगडं बी नेसता येत नव्हतं. तीच पसंत पडली. सासरी जाताना सागरगोटे माझ्यापाशी ठेवले. म्हणली, आक्के, जपून ठेव, परत आल्यावर खेळू." त्या थांबल्या. "पयल्याच बाळंतपणात गेली. म्या तापातून उठले, शाळंत गेले, नोकरी केली."

पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. शेवटी मी चपला काढल्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसलो.

"तुमाला येतं?"

"नाही."

सागरगोटे त्यांनी माझ्यापुढं सरकवले. मी एक वर उडवला आणि खालचे गोळा करायला वाकलो. वरचा माझ्या डोक्यावर येऊन पडला.

"आसं न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. "शांती खाली बघायचीच न्हाई. वर बघा."