बेरिलबाईंच्या गळ्यात लाल पट्टा

मार्लपिट कॉलेजात बेरिल ओकशॉट यांच्या परवानगीवाचून माशी आत शिरत नसे, आणि शिरलीच तर तिच्याही गळ्यात लाल पट्टा पडायचा. ज्याचा पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला तपासून झाला त्याला ओळखपत्राचा हिरवा पट्टा, बाकी सगळ्या जगाला लाल. लाल पट्टेवाल्याने हिरव्या पट्टेवाल्याच्या नजरेआड पाऊल टाकायचं नाही, हा नियम. इंग्लंडात शाळा-कॉलेजांतून असले नियम सगळीकडेच असतात. बाकीचे ते पाळतात. बेरिलबाईंनी त्यांना धार लावून ठेवली होती.

बक्षीस समारंभाला प्राचार्य फिंच यांची बायको नटूनथटून आली, गळ्यात आजेसासूचे मोती. बेरिलबाईंनी मोत्यांवरून लाल पट्टा घातला. गावचे बिशप मुलांना आशीर्वाद द्यायला आले, तर त्यांना मोरीपर्यंत सोडायला व्यायामाचे सर गेले आणि बिशप बाहेर येईस्तोवर दाराशी उभे राहिले. देवाचा माणूस झाला म्हणून काय, दाखला तो दाखला.

अशा कॉलेजवर तपासणी आली. आदल्या दिवशी सकाळी फोन, दुसऱ्या दिवशी तपासनीस दारात, अशीच ती येते. पाहुण्यासारखी चार दिवस आधी कळवून येत नाही. त्यात दोनच गोष्टी मुख्य. शिकवणं कसं चाललंय आणि माणसं कशी पारखून घेतलीत. नापास झालं तर परदेशी मुलं आणायचा परवाना जातो. मार्लपिटात मुलं होती ती सगळीच परदेशी, म्हणजे परवाना गेला की दाराला कुलूप, आणि बेरिलबाईंसकट सगळे घरी.

माणसं पारखण्याची बाजू बेरिलबाईंची, तेव्हा ती चिंता नव्हती. फिंचना झोप येत नव्हती ती शिकवण्याच्या बाजूने, आणि त्यातही एकाच माणसामुळे. अर्थशास्त्राचे वॉल्टर क्रॅडक. माणूस सज्जन, विद्वान, पण शिकवायला लागला की भिंतीवरचं घड्याळ जांभया देई. तोंड फळ्याकडे, पाठ मुलांकडे. मुलांनी त्यांचा चेहरा पाहिला होता तो जेवणघरात.

फिंचनी त्यांचे दुसऱ्या दिवशीचे सगळे वर्ग काढून घेतले. "क्रॅडक, उद्या तुम्ही तळघरातली जुनी पुस्तकं लावून टाका."

"सबंध दिवस?"

"घाई करू नका. नीट लावा."

क्रॅडकना वाटलं, साहेबांचा आपल्यावर जीव आहे. साहेबांना वाटलं, कोंबडं झाकलं. पण कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहिलंय का कधी?

तपासणीच्या सकाळी बेरिलबाईंनी पट्ट्यांची नोंद शेवटची एकदा नजरेखालून घातली. एकेक नाव चाखत, जसा एखादा आपल्या बागेतला गुलाब हुंगत जातो. सगळी नावं झाली. कुणीतरी राहिल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा पाहिली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली. मग त्या खुर्चीत बसल्या. त्यांचं स्वतःचं नाव त्यात नव्हतं.

कसं असणार? त्या लागल्या तेव्हाचे प्राचार्य म्हणाले होते, "चहा फक्कड करता तुम्ही, सोमवारपासून या." त्या आल्या. पुढे कायदा आला तेव्हा दाखले तपासायचं काम त्यांच्याकडेच आलं आणि त्यांनी माळ्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना चाळणीतून काढलं. स्वतःची चौकशी करायचं मनातही आलं नाही. स्वतःला तर त्या ओळखत होत्याच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या तडक फिंचच्या खोलीत गेल्या. "साहेब, आपल्याकडे एक माणूस बिनदाखल्याचा आहे."

"कोण? नवा आचारी?"

"मी."

फिंचच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. ते काढायचंही त्यांना सुचलं नाही. "कोणाला कळणार आहे, बेरिल? हिरवा घाला नि गप्प बसा."

"तुमच्या मिसेसना मी लाल घातला होता."

"ते मी अजून ऐकतोय घरी."

"मग उद्या रस्त्यात भेटल्या तर मी त्यांना काय तोंड दाखवू? दाखल्याचा अर्ज आत्ता धाडते. तो येईस्तोवर दुसऱ्याच्या नजरेखाली काम करायचं. तशी सोय आहे कायद्यात."

"अहो, पण नजर कोणाची? मी तपासनिसांबरोबर असणार, बाकी आज झाडून सगळे वर्गावर आहेत."

"एक जण मोकळा आहे. तुम्हीच मोकळा केलाय."

फिंचचा चेहरा चहातल्या बिस्किटासारखा झाला. "तो सोडून सांगा."

"तो सोडून कोणी नाही."

क्रॅडकना तळघरातून वर बोलावलं. नाकाला धूळ, काखेत फाटकी पुस्तकं. बेरिलबाईंनी आपल्या हाताने आपल्या गळ्यात लाल पट्टा घातला आणि त्यांना बजावलं, "मी जाईन तिथं यायचं. नजर हलवायची नाही."

"टेहळणीसारखं?"

"सावलीसारखं. आणि नाक पुसा."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. तपासनीस पेंगेलीबाई आल्या. बुटक्या, जाड बुटांच्या, आणि चेहरा असा की आत काय शिजतंय त्याचा वासही बाहेर येऊ नये. बेरिलबाईंनी आधी त्यांचं ओळखपत्र मागून घेतलं, फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला, मगच दार पूर्ण उघडलं.

"तुमच्याच गळ्यात लाल कसा?" पेंगेलीबाईंनी आत येता येताच विचारलं.

मागे फिंच खोकले. खोकल्याकडे बेरिलबाईंनी लक्ष दिलं नाही. "इथल्या सगळ्यांची पारख मी केली, बाई. माझीच करायची राहिली. आज सकाळी ध्यानात आलं."

पेंगेलीबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. बेरिलबाईंना वाटलं, संपलं. आपल्या एका नावापायी सगळ्यांची चूल विझणार.

"आणि हे गृहस्थ?"

"मी यांच्यावर नजर ठेवायला," क्रॅडक नम्रपणे म्हणाले.

"शिकवता काय?"

"ते आज मोकळे आहेत," फिंच घाईने म्हणाले. "चला, रसायनशास्त्राचा वर्ग दाखवतो. फार सुंदर धूर निघतो."

रसायनशास्त्राच्या वर्गात पेंगेलीबाईंना एका शिक्षकाची कागदपत्रं हवी झाली. बेरिलबाई घेऊन आल्या, मागोमाग क्रॅडक. वसतिगृह पाहायला किल्ल्या लागल्या. किल्ल्या बेरिलबाईंच्या कमरेला, कमरेमागे क्रॅडक. स्वयंपाकघरात आचाऱ्याचा दाखला विचारला, तर बेरिलबाई आल्या आणि क्रॅडकही. आले ते आचाऱ्याने हातावर ठेवलेलं सॉसेज खात उभे राहिले. जो माणूस तळघरात पुरून ठेवायचा, तो देवळातल्या पालखीसारखा कॉलेजभर मिरवत होता. प्रत्येक दाराशी ते दिसले की फिंच डोळे मिटत, उघडत, तरी ते तिथेच असत.

जेवणाच्या आधी बेरिलबाईंना मोरीकडे जाणं भाग पडलं. माणूस आहे, जाणारच. क्रॅडक बायकांच्या मोरीच्या दाराकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले. नेमक्या त्याच वेळी पेंगेलीबाई तिकडे आल्या.

"तुम्ही इथे काय करताय?"

"राखण."

"कोणाची?"

"माझी," आतून बेरिलबाईंचा आवाज आला. "त्यांना काही बोलू नका, बाई. नियम माझा आहे."

पेंगेलीबाईंनी क्रॅडकना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग जिन्याखाली लपायच्या बेतात असलेल्या फिंचना हाक मारली. "मिस्टर फिंच, सकाळपासून बघतेय. जिकडे जावं तिकडे हे आहेत. फक्त वर्गात नाहीत."

"त्यांचा घसा बसलाय जरा."

"माझा घसा ठणठणीत आहे," क्रॅडक म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना खोटं कुठून सुरू होतं तेच कळत नसे. "माझा वर्ग जेवणानंतर असतो. आज साहेबांनी पुस्तकं लावायला सांगितलं."

"पुस्तकं कुठे पळून जात नाहीत. वर्ग घ्या. मी येते."

आता क्रॅडक वर्गात जाणार म्हणजे बेरिलबाईंनाही जाणं आलं. इतकी वर्षं त्या कॉलेजात होत्या, पण शिकवणं चालू असताना वर्गात बसायची पाळी कधी आली नव्हती. एका बाकावर त्या कशाबशा मावल्या. शेजारी नायजेरियाची इफेओमा, पुढे कझाकस्तानचा दौरेन, मागच्या भिंतीशी पेंगेलीबाई, आणि दाराच्या काचेला फिंचचं नाक.

क्रॅडक फळ्याकडे वळले आणि बोलू लागले. विषय होता मागणीची लवचीकता. शब्द फळ्यावर आपटून खाली पडत होते, मुलं ते निमूट उतरून घेत होती. पेंगेलीबाईंचं पेन हललं नाही. बेरिलबाईंनी थोडा वेळ सोसलं. आपलं काय व्हायचं ते होवो, पण समोर कोणी बडबडतंय नि आपल्याला कळत नाहीये, ही गोष्ट त्यांनी नवऱ्याचीही चालवून घेतली नव्हती.

"क्रॅडकसर, थांबा जरा. ही लवचीकता म्हणजे काय?"

फळ्याला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. क्रॅडकची मान सावकाश वळली. "म्हणजे... भाव चढला की गिऱ्हाईक किती घटतं ते."

"घटतं असं कोणी सांगितलं? बंदरावरच्या दुकानात तळलेल्या माशाचा भाव चढला, रांग आहे तेवढीच आहे. तुमचं पुस्तक खोटं."

"पुस्तक खोटं नाही, मिस," दौरेन म्हणाला. सप्टेंबरपासून तो वर्गात तोंड उघडून बोलला नव्हता. क्रॅडकना वाटायचं त्याला इंग्रजी येत नाही. "लोकांना माशावाचून चालत नाही, म्हणून रांग हलत नाही. केक महाग झाला तर?"

"केक मी घरी करते."

"तेच तर," इफेओमा म्हणाली. "केकला दुसरी सोय आहे, मिस. माशाला नाही."

"नाही कशी? सॉसेज आहे."

वर्गात कुजबुज झाली. माशाच्या जागी सॉसेज चालतं का, यावर जुंपली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, शुक्रवार इंग्रजांचा मासे खायचा वार, त्या दिवशी सॉसेज खाणारा माणूस इंग्रजच नव्हे. दौरेन म्हणाला, आमच्याकडचं घोड्याच्या मांसाचं सॉसेज असेल तर मी मासा आजच सोडतो. क्रॅडक फळा सोडून बाकांच्या मधोमध येऊन उभे होते. ते कधी आले ते त्यांनाही कळलं नाही.

"बेरिल, माशाची जागा सॉसेज घेत नाही. तुम्ही साफ चुकताय."

"मी चुकत नसते."

"मग हात वर करायला सांगू या."

हात वर झाले. बेरिलबाईंच्या बाजूने एकटा त्यांचाच हात. घंटा वाजली तरी कोणी उठेना. बेरिलबाई तर मुळीच उठेनात; हरलेल्या बाजूने आधी उठायचं नसतं.

संध्याकाळी फिंचच्या खोलीत निकाल झाला. बेरिलबाई उभ्या, शेजारी क्रॅडक. बेरिलबाईंनी कार्यालयाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. मागितल्यावर देण्यापेक्षा आधी दिलेल्या बऱ्या.

"चूक ती चूक," पेंगेलीबाई म्हणाल्या. "पण मी जाते तिथे चूक कपाटामागे सापडते. इथे ती गळ्यात घालून दार उघडायला आली. अर्ज गेलाय, नजर ठेवलीय, माझं समाधान आहे. दाखला येईपर्यंत हीच नजर राहू द्या."

"आणि शिकवणं?" फिंचनी विचारलं.

"बाकीचे वर्ग छान बसवले होते. माझ्यासाठीच बसवले होते, दिसत होतं. दुपारचा वर्ग तेवढा खरा." त्यांनी वही मिटली. "असा मास्तर तुम्ही तळघरात का ठेवता?"

उत्तरासाठी पेंगेलीबाई थांबल्या नाहीत. बेरिलबाईंनी किल्ल्या उचलून पुन्हा कमरेला लावल्या, जणू झटकायला काढल्या होत्या.

पुढे दाखला येईपर्यंत क्रॅडक त्यांच्या कार्यालयात बसून त्यांची बिस्किटं संपवत आणि त्या क्रॅडकच्या वर्गात बसून रोज वादात हरत. भाडेवाढ, बेकारी, कोळशाच्या खाणी, एकही विषय त्यांनी सुखासुखी पुढे जाऊ दिला नाही. मुलं तयारी करून येऊ लागली. मिसना उत्तर द्यायचं तर घरून वाचून यावं लागे.

मग दाखला आला. फिंचनी स्वतः बेरिलबाईंच्या गळ्यात हिरवा पट्टा घातला. बाईंनी कार्यालयाचं दार लावून घेतलं, एकटीने चहा केला, एकटीने प्यायला. शेजारी कोणी कुरुमकुरुम करत नव्हतं. सुख म्हणतात ते हेच, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

जेवणानंतर दारावर टकटक झाली. क्रॅडक उभे होते. आपला हिरवा पट्टा त्यांनी गळ्यातून काढून नीट घडी करून हातात धरला होता.

"माझा दाखला नव्याने करायचा होता," ते म्हणाले. "मुदत काल संपली."

"मी तुम्हाला आठवण करून दिली होती. दोनदा."

"दिली होती."

"मग?"

"राहून गेलं."

इतका निर्लज्ज चेहरा बेरिलबाईंनी त्या सज्जन माणसाचा कधी पाहिला नव्हता. क्रॅडकनी मान खाली घातली, गळा पुढे केला आणि वाट पाहू लागले. बेरिलबाईंनी खणातून लाल पट्टा काढला आणि जरा जास्तच जोरात त्यांच्या गळ्यात टाकला.

"मुलं खोळंबलीत," क्रॅडक म्हणाले. "मला एकट्याला वर्गात जाता यायचं नाही. बाकी सगळे तर वर्गावर आहेत."

"बिशपना आणा बोलावून."

"त्यांच्याकडे दाखला नाही."

बेरिलबाईंनी कपातला उरलेला चहा संपवला, लोकरी जाकीट घातलं, किल्ल्या घेतल्या. "आज काय आहे?"

"चहा महाग झाला तर लोक कॉफीवर जातील का."

"जाणार नाहीत," बेरिलबाई म्हणाल्या आणि तरातरा पुढे निघाल्या. चार पावलं गेल्यावर थांबल्या, मागे वळल्या आणि क्रॅडकना हाताने पुढे घातलं. लाल पट्टेवाला माणूस नजरेआड होता कामा नये.