आमच्या घरात रेंज येणारं स्थळ

मोबाइलची कंपनी कशी निवडावी, हे मला विचारा! म्हणजे, गेल्या महिन्यात विचारायला हवं होतं. दिल्लीत बातम्यांच्या डेस्कवर उभं आयुष्य गेलंय. दोन्हीकडून पडताळल्याशिवाय मी स्वल्पविरामही छापायला सोडत नाही. सिमकार्ड ते काय!

निवडायची वेळ आली ती मुलीमुळे. कृतिकाने आणि हेरंबने एकमेकांना पसंत केलं होतं, आणि पुढचं बोलायला हेरंबची आई, देवयानीताई, फरीदाबादहून फोन करणार होत्या. बाई दिल्लीतच वाढलेल्या, पण रीतीला पक्क्या. लग्नाचं बोलणं व्हॉट्सॲपवर नाही, साध्या फोनवर! आणि वसुंधरा कॉलनीतल्या आमच्या तळमजल्यावर साधा फोन शिरला की सात जिने चढून आल्यासारखा धापा टाकतो.

मी पद्धतशीर कामाला लागलो. तीन कंपन्यांची सिम आणली. फाइव्ह-जीच्या लहरी वेगवान, पण भिंत दिसली की परत फिरतात. फोर-जीच्या काही लहरी भिंतीतून चिकाटीने आत येतात, पण संध्याकाळी अख्खी सोसायटी त्यांच्यावरच बसते. एवढं वाचून झाल्यावर प्रत्यक्ष पाहणी. घरातलं एकेक स्थळ तपासायचं. घटनास्थळ, सभास्थळ, अपघातस्थळ लिहून लिहून माझ्या तोंडात साधा 'जागा' हा शब्द उरलेलाच नाही.

"अहो, बाथरूमच्या दारात वाकून काय करताय?" प्रभाने विचारलं.

"पाहणी."

"मुलीचं लग्न निघालं की लोक घराला रंग काढतात!"

तेवढ्यात फोन वाजला. देवयानीताई!

"नमस्कार अविनाशजी. अच्छा, काय चाललंय?"

"काही नाही ताई, सकाळपासून स्थळं बघतोय, रेंजसाठी!"

यातलं 'रेंजसाठी' रेंजनेच गिळलं, हे मला नंतर कळलं.

"स्थळं? अजून?"

"मग! तीन पर्याय हातात आहेत. पहिला दिसायला फार वेगवान, पण घरात पाऊल टाकलं की गप्प. दुसरा आत टिकतो, पण संध्याकाळनंतर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका."

"आणि तिसरा?" आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, लहरी अशक्त झाल्या.

"स्वस्तात पडतो, पण बोलता बोलता सोडून जातो!"

"कृतिकाला हे माहीत आहे?"

"तिला काय विचारायचं? नाहीच पटलं, तर तीन महिन्यांनी बदलू की!"

फोन बंद झाला. मी दुसऱ्या सिमचा एक गुण कापला. प्रत्यक्षात बाईंनी फोन ठेवला होता.

कृतिका ऑफिसमधून आली ती डोळे लाल करून.

"बाबा, यार! तुम्ही माझ्यासाठी तीन मुलं बघताय? एक घुम्या, एक बेवडा, एक पळपुटा? आणि नाही पटला तर तीन महिन्यांनी दुसरा? हेरंबची आई म्हणाली, अशा घरात बोलणंच नको!"

"अगं, मी नेटवर्कबद्दल बोलत होतो!"

"मग स्थळं का म्हणालात? मला त्या शब्दाचा एकच अर्थ येतो, तोही आत्यामुळे! त्यांनाही तेवढाच येत असणार!"

चूक झाली की खुलासा तातडीने द्यावा, हा आमच्या धंद्याचा नियम. मी लगेच फोन लावला.

"ताई, गैरसमज झालाय! ती स्थळं म्हणजे गॅलरी, फ्रिजची मागची बाजू आणि बाथरूम..."

पलीकडे पोचला तो फक्त फ्रिज.

"फ्रिज? आम्ही काही मागितलंय? हुंडा घेणारे वाटलो तुम्हाला?"

यानंतर प्रभाने फोन माझ्या हातून काढून घेतला. कृतिका तिच्या खोलीत निघून गेली, तेच जास्त लागलं. मी थकलो होतो. इतक्या वर्षांत इतका वाईट मथळा माझ्या हातून गेला नव्हता.

रविवारी देवयानीताई हेरंबला घेऊन स्वतः आल्या. समोरासमोर बोलून विषय संपवायला. पोह्यांना हात लावला नाही. "पोचलो, एवढं ह्यांना कळवते," म्हणून त्यांनी फोन काढला.

"हॅलो? हॅलो?" उठल्या. दारात गेल्या. गॅलरीत गेल्या. फ्रिजमागे डोकावल्या. आम्ही सगळे मागोमाग. शेवटी बाथरूमच्या दारात, कमरेतून वाकून, एक हात नळावर ठेवून त्या ओरडल्या, "हां, इथे येतंय!"

मग तशाच वाकलेल्या स्थितीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे... स्थळ?"

"तिसरं," मी अचूक माहिती दिली. "पहिली दोन याहून वाईट आहेत."

बाई हसत हसत तिथल्याच स्टुलावर बसल्या! कृतिकाने पोह्यांची बशी पुन्हा त्यांच्यापुढे केली. पोहे संपले, साखरपुडा ठरला. जाताना त्यांनी माझा फोन मागून घेतला. "तुमच्याकडे वायफाय आहे ना? मग वायफाय कॉलिंग ऑन का नाही? साधा फोनच वायफायवरून येतो. आमच्या बेसमेंटमध्ये असंच व्हायचं." एक बटण दाबलं. झालं! लहरी, भिंती, तीन सिम, माझी तुलना, सगळं त्या एका बटणाखाली गाडलं गेलं.

तेव्हापासून फोन घरात कुठेही तुटत नाही. देवयानीताई रोज करतात. बँडवाला, पाहुणे, पंगतीत पनीर असावं की नसावं. काल जेवण गार झालं, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "ताई, आवाज तुटतोय हं."

"बिल्कुल नाही! मीच ऑन करून दिलंय ना," त्या म्हणाल्या. "तर पनीरचं काय ठरलं?"