एरंडेल प्यालेला गिअर

आयुधपूजेला मोटारीचीही पूजा करायची, हे माझं मीच ठरवलं. मला कोणी आग्रह केला नव्हता. आमच्या तंजावुरात त्या दिवशी घरातली हत्यारं देवापुढे मांडतात, गंधकुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, सकाळची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. दरवर्षी माझ्या वतीने कलेक्टर कचेरीत लिहायचा टाक तेवढा मांडला जाई. (माझी बायको वसुमती विळी, अडकित्ता, कातरी अशी भलीमोठी ओळ लावायची. त्या ओळीत माझा टाक चुकून आल्यासारखा दिसे.) यंदा मात्र माझ्याकडे मोटार होती. कालव्यांचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना ती माझ्या गळ्यात घालून गेला होता. तिचा गिअर जरा ताठ होता. पण साहेबही तसाच ताठ होता, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

शेजारचे शेषाद्री मास्तर मंत्र सांगायला आले. मोटारीच्या पुढे केळीचे दोन खुंट बांधले, चाकांना गंध लावलं, गिअरच्या दांड्याला तर मी चंदनाचा असा लेप दिला की त्याला ताप आला आहे असं वाटावं. नारळ फोडला. एक कवड देवघरात गेली, दुसरी वसुमतीने माझ्या हातात दिली.

"ही गाडीपुढं ठेवा. उद्या आत्याला प्रसाद म्हणून न्यायची आहे. सांभाळा हो."

एवढ्यात गल्लीतली गाय आली आणि तिने केळीचा एक खुंट खायला घेतला. मी तिला हाकललं, कवड तिचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवली आणि निर्धास्तपणे जेवायला गेलो.

आता ही आत्या कोण, ते सांगतो. भुवनेश्वरी आत्या ही माझ्या सासऱ्यांची, हनुमंतरावांची, थोरली बहीण. ती पापनाशमला राहते. बहीणभावांत बारा वर्षं अबोला होता. कशावरून, ते मला कोणी सांगत नसे. वसुमतीला विचारलं की तिला नेमकं चुलीवरचं काहीतरी आठवे. आणि गेल्या महिन्यात आत्याचं मोडीतलं कार्ड आलं : 'दसऱ्याला बारापर्यंत जेवायला ये. पान मांडून वाट पाहीन. मी आता थकले. या खेपेस आला नाहीस तर पुन्हा लिहिणार नाही.'

सासऱ्यांनी ते कार्ड तीन दिवस उशाखाली ठेवलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "जाईन. पण गुडघे धरलेत, आगगाडीत चढवत नाही. जावयाच्या मोटारीतून जाईन." यातल्या 'जावयाच्या'वर त्यांनी विशेष जोर दिला. माझी छाती फुगली.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता ते जरीकाठी पागोटं घालून मागच्या सीटवर बसले. मी घाईघाईने सकाळची पूजा उरकली, इंजिन सुरू केलं, क्लच दाबला आणि गिअरचा दांडा ढकलला. करकर असा आवाज झाला. दांडा जागचा हलला नाही.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, मामा. गिअर जरा ताठला आहे."

मी पुन्हा ढकलला. मग दोन्ही हातांनी ढकलला. मग शेषाद्री मास्तर येऊन बाहेरून दांडा ढकलू लागले.

"अय्यो, सार, हा सांधा धरलाय," ते म्हणाले. "एरंडेल पाजा."

"ते गुडघ्याला लावतात, मास्तर."

"सांधा तो सांधाच. माझ्या गुडघ्याला आठ दिवसांत गुण आला."

"आपल्याकडे आठ दिवस नाहीत."

"मग जास्त घाला."

जास्त घातलं. दांडा नुसता निसरडा झाला. मग दिवाळीसाठी ठेवलेलं तिळाचं तेल गरम करून घातलं. वसुमती म्हणाली, चंदन वाळून अडकलं असेल. म्हणून मी उलथन्याने चंदन खरवडलं आणि वरून कढत पाणी ओतलं. (ते बरंचसं माझ्या मांडीवर पडलं. गिअरला काहीच वाटलं नाही.) प्रत्येक उपचारानंतर मी जीव खाऊन क्लच दाबत होतो आणि प्रत्येक वेळी तीच करकर ऐकू येत होती.

"अहो, ती कवड कोठं ठेवलीत?" मध्येच वसुमतीने विचारलं. "प्रसाद डब्यात भरायचा आहे."

मला एकदम आठवेना. "गायीनं खाल्ली," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत?"

"तोंड पाहिलं ना तिचं. अपराधी दिसत होतं."

साडेदहा वाजले. सासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"राहू द्या, राममूर्ती," ते हळूच म्हणाले. "अक्का बारापर्यंत वाट पाहील, मग पान उचलील. बारा वर्षं मी गेलो नाही, आजही गेलो नाही, असं होईल. दुसरं काय!"

मला फार वाईट वाटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सत्तरीचा माणूस तेलाच्या वासात अडीच तास गुपचूप बसून होता, तो काही मोटारीच्या हौसेने नव्हे. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"उतरा खाली," वसुमती म्हणाली. "निदान तेल तरी पुसू द्या. अप्पांचं धोतर भरेल."

मी उतरलो. ती फडकं घेऊन वाकली, खालचं गोणपाट उचललं आणि आत चाचपलं. मग तिने हात वर काढला. हातात केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेली नारळाची कवड होती.

"ही क्लचच्या खाली कशी आली?"

आता मला सगळं आठवलं. गायीचं तोंड पोचू नये म्हणून मीच ती तिथे सरकवली होती आणि वर गोणपाट टाकलं होतं. सकाळपासून क्लच अर्ध्यावर येऊन कवडीवर टेकत होता. क्लच पुरता दबल्याशिवाय कुठलाच गिअर पडत नाही, हे त्या साहेबाने मला तीनदा सांगितलं होतं. अडीच तास मी प्रसाद तुडवत होतो आणि गिअरला एरंडेल पाजत होतो.

शेषाद्री मास्तर म्हणाले, "तरी एरंडेलाचा थोडा गुण असणारच."

क्लच दाबला, गिअर निमूट पडला. सासऱ्यांनी पागोटं घातलं, वसुमती माझ्याशेजारी बसली. वाटेत अय्यमपेट्टैला बाजार लागला, बैलगाड्या लागल्या, दांड्यावरून माझा हात चारदा निसटला. पापनाशमला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता.

आत्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसली होती. आत केळीचं पान तसंच मांडलेलं होतं. ती जेवली नव्हती.

"बारापर्यंत ये म्हटलं होतं," ती म्हणाली.

"बारा वर्षांत एक तास काय, अक्का," सासरे म्हणाले. आत्याने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"दसऱ्याचा प्रसाद आणलास?" तिने विचारलं.

"आणणार होतो. जावयाच्या पायाखाली होता." आणि त्यांनी सगळं सांगितलं, गाय, गोणपाट, एरंडेल, काहीही न गाळता. सांगून झाल्यावर ते तिच्याशेजारी बसले.

"अक्का, बारा वर्षांपूर्वी याच तिण्णैवर तू मला म्हणालीस, मुलगा धांदरट आहे, वसूला देऊ नकोस. मी म्हटलं, तू पाहशील, किती हुशार निघतो ते! आणि उठून गेलो." "अक्का, तुझंच खरं होतं."

आत्याने त्यांचा हात धरला. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. "मी रोज म्हणत होते, कधीतरी तुला कळेल."

बारा वर्षांचा अबोला मिटला, दोघं हातात हात घालून आत जेवायला गेली. मी दारातच उभा राहिलो. निदान बायको तरी माझी बाजू घेईल, म्हणून मी वसुमतीकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय पाहता?" ती म्हणाली. "मी तेव्हाही आत्याच्याच बाजूची होते."