हकीकत मैना बाहुलीचे चोळीची, मुक्काम भद्रावती

श्रीभद्रनाग प्रसन्न. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया, बुधवासरे, भद्रावती मुक्कामी बाहुला-बाहुलीचे लग्नसमयी जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत, ज्यांणी डोळां पाहिली त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे कांही न घालितां लिहिली आहे.

वैराचे मूळ ऐसे जे, गतसाली मातुश्री भागीरथाबाई यांणी नात दिव्यानी इचे बाहुलीस लुगडे नेसविले आणि ते कमरेस ठरेना म्हणोन आंतून रबर लाविले. वरपक्षाचे सरदार रीताबाई माजरीकर, म्हणजे मातुश्रींचे सुनेची बहीण, दिव्यानीची सख्खी मावशी, यांणी मांडवांत साठ असामींसमक्ष पदर उचलोन ते रबर पाहिले आणि बोलिल्या, "काऊन वं बाई, नवरी हाये का मेथीची जुडी?" मांडव हांसला. मातुश्रींनी ते बोलणे पोटांत ठेविले आणि वर्ष काढिले.

त्यांत दिवाळीपासोन मनसुबा आरंभिला. कोरपन्याचे भाच्याकडून कापूस आणविला, सरकी स्वहस्ते काढिली आणि मांजरपाटाची मैना नामे बाहुली ऐशी गच्च भरिली की बोट रुतेना. काळ्या लोकरीची वेणी घातली, मोहरीएवढ्या मण्याची नथ टांचिली. आणि बिस्किटांचा डबा जामदारखाना मुक्रर करोन त्यांत लुगडी दोन, परकर एक, वाकळ एक, मच्छरदाणी एक, आणि सासर कोळसाखाणीचे मुलखांत म्हणोन धुळीकरितां तोंडास बांधावयाचा रुमाल एक, ऐसा सरंजाम भरिला. राहिली लग्नाची चोळी. तीस मातुश्रींनी स्वतःचे लग्नांतील शालूचा वीतभर तुकडा काढोन दिला. तितकाच उरला होता.

शिवणकामांत मातब्बर सलीमाबाई, मागचे गल्लीतील. परंतु नवरी मांडवापूर्वी कोणाचे नजरेस पडूं नये म्हणोन बाहुली न धाडितां दिव्यानीसंगे जबानी माप धाडिले, की घेर आठ बोटे.

लग्नाचे सकाळी मैनेस हळद लागली. मग चोळी चढवूं गेल्या, तो पाठीवर दोन बोटे फट. कापूस काढावा, तर हळद लागल्या नवरीस सुई लावूं नये हा कुळाचार. चोळी उसवावी, तर शिवणीत तसूभरही कापड नाही. तशांत दिव्यानीने जासुदी करोन खबर आणिली की बस आली आणि मावशी उतरून राह्यली. आता डब्यांतील मच्छरदाणी कोणी पाहणार नाही, फट तेवढी पाहतील, हे त्यांणी जाणिले.

मग सलीमाबाईंस पाचारण केले. त्यांणी चोळी पाहिली, मातुश्रींचा पंजा हाती घेतला आणि आपला पंजा त्याशेजारी ठेविला. मातुश्रींची बोटे चाळीस वर्षे धान रोवोन जाड, सलीमाबाईंची अगरबत्तीसारखी.

"बोटं कोनाचे ते नाई सांगतलं ना बाई. मी माहेच लावले."

"मंग मले का मालूम, तुहे बोटं काड्या हायेत म्हनून?"

येणेप्रमाणे उभयतांनी कसूर निम्मा निम्मा वाटून घेतला आणि कामास लागल्या. सलीमाबाईंनी नवरीस सुई न लावितां चोळीस लाविली. पाठीचे दोहों कडांस दोऱ्याचे बारीक फास केले, मग चोळी चढवोन फासांतून लाल रेशमाची नाडी तिरपी फिरविली आणि खाली गोंडे सोडिले. फट होती ती नक्षी जाहली आणि आंतून मैनेची हळदीची पाठ दिसों लागली.

इतुक्यांत रीताबाई दाखल जाहल्या आणि कोणास रामराम न करितां थेट नवरीवर चालोन गेल्या. पदर उचलिला, कंबर चाचपली. रबर नाही. मग मैनेस उलटी केली आणि बहुत वेळ पाहात राहिल्या. मातुश्रींनी आपले पदराचे टोक मुठींत धरिले.

"हे पाठीवरचं कोनं केलं?"

"सलीमानं. काऊन?"

"मले बी शिवून पाह्यजे. अस्संच."

सलीमाबाई गळ्यांतील फीत काढूं लागल्या, तो मातुश्रींनी हुकूम केला की फीत राहूं द्यावी. आणि रीताबाईंस भर मांडवांत उभे करोन, साठ असामींसमक्ष, आपले जाड बोटांनी, एकेक बोट मोठ्याने मोजीत माप घेतले. मुहूर्त टळला, त्याची तक्रार कोणी केली नाही.

मोहीम फत्ते जाहली. घेर छप्पन्न बोटे भरला. बोटे कोणाची, हा घोळ पुन्हा होऊं नये म्हणोन येथें साफ लिहून ठेविले आहे: भागीरथाबाईंची.