काठोकाठ प्याले

एल्दियारच्या स्वयंपाकघरात त्या दुपारी घरातल्या झाडून साऱ्या गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या होत्या. पाहुण्यांसाठी राखलेल्या मखमली गाद्यासुद्धा सुटल्या नव्हत्या. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आईचं म्हणणं वेगळं होतं, पण 'आधी ऐकून घ्या' नावाचा पॉडकास्ट चालवणाऱ्या मुलाने ते ऐकून घेतलं नव्हतं.

राजकारणावर माणसांनी शांतपणे, विचार करून बोलावं, म्हणून एल्दियार आणि त्याची कॉलेजातली मैत्रीण बेरमेत यांनी हा पॉडकास्ट काढला होता. नियम एकच, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. साऱ्या बिश्केकमध्ये एवढा सभ्य कार्यक्रम दुसरा नव्हता. 'तुमचा कार्यक्रम लावला की आमचं बाळ लगेच झोपतं, आभारी आहोत,' असा एका बाईंचा निरोप आला होता आणि तो त्यांना आलेल्या कौतुकातला सर्वांत मोठा होता.

त्यात आता बेरमेतला एका टीव्ही चॅनेलचं बोलावणं आलं होतं. तिथल्या चर्चेत लोक एकमेकांच्या अंगावर पाणी फेकत. संध्याकाळपर्यंत तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. तिचं जाणं एल्दियारला नको होतं. पण तो पडला समतोल माणूस. त्याने जाण्याचे फायदे सांगितले, राहण्याचे फायदे सांगितले आणि "निर्णय तुझा," म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून ती त्याच्याशी जरा तुटकच वागत होती. आजचा भाग गाजला तर राहील, अशी त्याला वेडी आशा होती.

आणि भाग होताही तसाच. तोक्तोसुन आणि जुमाबेक, म्हणजे साऱ्या शहराचे तोको आणि जुके, हे दोन माजी खासदार समोरासमोर बसणार होते. एकाच गावचे, बालपणीचे मित्र. पण एकदा भर सभागृहात तोकोंनी जुकेंचा माईक बंद केला आणि तेव्हापासून कित्येक वर्षं दोघांत शब्द नव्हता. आजचा विषय होता, रस्ता रुंद करायला हमरस्त्यावरची झाडं तोडावीत की नाही.

"चहाचं काय करायचं?" बेरमेतने तारा जोडता जोडता विचारलं. "मागच्या वेळी नुसतं ओतणंच ऐकू येत होतं. गळक्या नळाची मुलाखत घेतोय असं वाटत होतं."

"मग चहाच नको."

ब्रेड आणायला निघालेल्या आपाने, म्हणजे त्याच्या आईने, दारातूनच मान वळवली. "माझ्या घरात पाहुणा चहाशिवाय बोलणार? मग तू माझा मुलगा नाहीस."

"बरं, मग एकदाच ओत, परत परत नको," बेरमेत म्हणाली आणि विषय संपला.

पाहुणे आले. दाराशी बूट काढून आत आले आणि एकमेकांकडे न बघता बसले. बेरमेतने दोघांच्या कॉलरला छोटे माईक लावले. एल्दियारने हेडफोन चढवले, रेकॉर्डिंगचं यंत्र चालू केलं आणि किटली उचलली. हेडफोन कानावर चढले की त्याच्या डोक्यातलं बाकी सगळं बाहेर पडत असे. एकदाच ओतायचं आहे, एवढंच तेवढं आत राहिलं होतं. त्याने तोकोंचा प्याला काठोकाठ भरला.

कालच आपाने शेजारणीचा प्याला असाच भरला होता. शेजारीण दुपारपासून सुनेच्या तक्रारी सांगत बसली होती. भरलेला प्याला बघताच ती निमूट उठून गेली. पाहुण्याला घोटभरच चहा द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो आणि तुम्ही बसा, असा त्याचा अर्थ होतो. काठोकाठ भरला की, उठा आता. हे किर्गिझस्तानातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तोको प्याल्याकडे बघत राहिले. मग जुकेंच्या प्याल्याकडे. तिथे पोहोचेपर्यंत किटली संपली होती आणि तळाशी घोटभरच चहा होता.

"कळलं, बाळा," तोको म्हणाले. "त्याला बसवायचं आणि मला उठवायचं. मग बोलावलंस कशाला?"

एल्दियारच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण उलट्या बाजूने. अन्याय झाला, असं त्याला वाटलं. आणि अन्याय म्हटला की तो समतोल साधणारच. त्याने धावत दुसरी किटली आणली आणि जुकेंचाही प्याला काठोकाठ भरला.

"वा!" जुके म्हणाले. "मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं!"

"नाही नाही, जुके, तसं नाही!" एल्दियारने घाईने तोकोंच्या प्याल्यातला अर्धा चहा परत किटलीत ओतला. आता तोकोंचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. "दिलेला चहा परत घेतोस? माझ्या शत्रूनेसुद्धा कधी हे केलं नाही."

"मी तर नाहीच केलं," शत्रू म्हणाला.

दोघं उठले, बुटांत पाय कोंबले आणि जिन्याने तडातडा उतरले.

बेरमेत संतापाने लाल झाली. "काठोकाठ? अरे, कोणत्या ग्रहावर वाढलास?"

"तूच म्हणालीस एकदाच ओत!"

"एकदाच म्हणाले, भरून कुठे म्हणाले? आणि परत काय ओतलंस!"

"मी दोन्ही बाजू समान..."

"समान! सगळं समान! मी जाते म्हटलं तरी समान, राहते म्हटलं तरी समान! तुझ्यापेक्षा ते पाणी फेकणारे बरे!"

"माझं वाक्य पूर्ण होऊ दे!"

"नाही होऊ देणार!"

मग जे भांडण पेटलं त्यात एकही वाक्य पूर्ण झालं नाही. एक मखमली गादी भिंतीवरून घसरून एल्दियारच्या डोक्यावर पडली, तरी तो गादीखालून बोलत राहिला. खिडकी सताड उघडी होती.

दारावर थाप पडली. बाहेर तोको आणि जुके खांद्याला खांदा लावून उभे होते.

"हे तुमचे माईक गळ्यातच राहिले," जुके म्हणाले. "आणि याने रागात माझे बूट घातले होते. खाली बाकावर बसून बदलावे लागले. बूट बदलताना न बोलून कसं चालेल?"

"आणि तुमचं भांडण सगळं अंगण ऐकतंय," तोको म्हणाले. "बायका बाकं सरकवून बसल्यात. व्हा आत, बसा दोघं."

यजमान निमूट पाहुण्यांच्या जागी बसले आणि पाहुणे यजमानांच्या. तोकोंनी टेबलावर बोट आपटलं. "बेरमेत, तू आधी. एल्दियार, तोंड मिटून. हिचं वाक्य पूर्ण होऊ दे. मध्ये बोललास तर माईक बंद करीन. मला सवय आहे."

"सवय आहे," जुकेंनी दुजोरा दिला आणि दोघं हसले.

"मला त्या चॅनेलवर जायचं नाहीये," बेरमेत म्हणाली. "पण इतक्या वर्षांत हा मला एकदाही 'राहा' म्हणाला नाही. नुसते फायदे मोजून दाखवतो, जसं काही मी म्हणजे महापालिकेची योजनाच."

"आता तू बोल," जुकेंनी एल्दियारला खूण केली.

"एका बाजूने पाहिलं तर..."

"बाळा," तोको म्हणाले, "आज एकच बाजू घे."

"राहा," एल्दियार म्हणाला. "तू गेलीस तर मी हा पॉडकास्ट बंद करीन. मला तुझ्याशिवाय कुणाचंच ऐकून घ्यावंसं वाटत नाही."

यंत्रावरचा लाल दिवा अजून चालूच आहे, हे तेवढ्यात बेरमेतच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला.

"आणि झाडांचं काय ठरलं?" एल्दियारने विषय बदलायला विचारलं.

"काय ठरणार! याला अक्कल नाही," दोघं एकदमच म्हणाले. "उद्या बाकावर पुन्हा बसतोय."

आपा गरम ब्रेड घेऊन आत आली. जमिनीवर लोळणाऱ्या गादीकडे तिने एकदा पाहिलं आणि किटली मुलाच्या हातात दिली. "ओत. नीट."

एल्दियारने दोन्ही म्हाताऱ्यांना घोटघोटभर चहा दिला. मग बेरमेतने आपला प्याला पुढे केला. चॅनेलला काय कळवणार, हे तिने सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नाही. त्याने इतका जपून चहा ओतला की प्याल्याचा तळ जेमतेम ओला झाला.

बेरमेतने आत डोकावून पाहिलं.

"राहते रे बाबा," ती म्हणाली, "पण चहा तरी दिसू दे!"