फोटोत न मावणारा नवरदेव

लग्नाची सुपारी फुटली त्या दिवशीचा फोटो बारामतीहून धुऊन आला आणि मल्हारनं तो दोनदा उलटसुलट करून बघितला. फोटोभर मल्हारच! शेजारी बसलेल्या सुकन्येचा एक कान आणि पदराचं टोक तेवढं दिसत होतं. बाकीची पोरगी त्याच्या दंडामागं गडप. साखर कारखान्याच्या काट्यावर अख्ख्या माळेगावचा ऊस तोलणारा हा गडी, पण स्वतःच्या वजनाकडं त्यानं कधी ढुंकून बघितलं नव्हतं. सुकन्या त्याला मनापासून आवडली होती. हाच फोटो डाळजला तिच्या घरीही गेलाय, आता आपल्या शेजारी बसायची तिला लाज वाटत असणार, या धास्तीनं त्याची झोप उडाली. वैशाखातल्या लग्नाआधी बारीक व्हायचं, आणि कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वारी कालव्याच्या रस्त्यानं पळत सुटली. आता माळेगावात बिनकामाचं कोण पळतं? पहिल्याच बैलगाडीवाल्यानं कासरा ओढला.

"मल्हारराव, म्हस सुटली का काय?"

"न्हाय वो, पाय मोकळं करतोय."

"मग गाडीत बसून करा की मोकळं! काट्यावरचं सायब पायी, आन आमी बसून? बरं दिसतं का?"

काट्यावरच्या माणसाला नाराज कोण करणार? रोज कुणी ना कुणी गाडीवान त्याला दंडाला धरून गाडीत चढवी, आणि पळायला गेलेला मल्हार उसाच्या मोळ्यांवर बसून, कांडं सोलत घरी येई.

त्यात केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या पोराला भावकीनं, पाहुण्यांनी जेवू घालायचं म्हणजे घालायचंच. मोरगावच्या सारजाआत्यानं पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी केली.

"आत्या, मला नुसती काकडी दे."

"केळवणाला काकडी?" आत्याचा हात हवेतच राहिला. "मल्हारा, खरं सांग. पोरगी पसंत न्हाय व्हय रं तुला?"

"तसलं काय न्हाय गं. भूक न्हाय."

"ह्या घरात आजवर कुणाला भूक न्हाय असं झालंय का?" म्हणत आत्यानं डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी एसटीत बसली. बारामतीच्या स्टँडवर तिला पाय फुटले आणि डाळजला पोचेपर्यंत तिचं पार वाटोळं झालं होतं: नवरदेवानं अन्न सोडलंय, रोज पहाटे पळून जातोय आणि गाडीवान त्याला धरून परत आणतायत!

रविवारी सुकन्येचे वडील सर्जेराव जीप घेऊन दारात हजर.

"मल्हारराव, माझ्या पोरीत काय खोट हाय? तोंडावर सांगा, आत्ताच मोडू."

"खोट? न्हाय वो मामा!"

"मग पळून कुठं जाताय?"

"जेवत बी न्हाय वो, पाव्हणं!" मल्हारची आई म्हाळसाबाई दाराआडून मुसमुसली.

लग्न हातचं चाललं होतं. खरं सांगून टाकावं, तर सासऱ्यापुढं 'मी जाडा हाय' म्हणायचं कोणत्या तोंडानं? मल्हारनं मांडी घातली. "आई, ताट वाढ."

मग त्यानं मटणाच्या रश्श्यात बाजरीची भाकरी कुस्करली आणि जे सुरू केलं, ते पातेल्याचा तळ दिसेपर्यंत थांबला नाही. भाकरीगणिक सर्जेरावांच्या कपाळावरची एकेक आठी मिटत गेली.

"जीव भांड्यात पडला!" ते म्हणाले. "आता घरी जाऊन तिला तेवढं आवरतो."

"कुणाला?"

"सुकन्येला वो! फोटो आल्यापास्नं नुसती खात सुटलीया. केळी काय, शेंगदाण्याचं लाडू काय! म्हणती, लग्नाच्या फोटोत मी दिसलीच पायजे."

मल्हारच्या डोक्यात उजेड पडला. पोरीला लाज वाटत नव्हती. तिला त्याच्या शेजारी दिसायचं होतं! त्याला इतका आनंद झाला की त्यानं आणखी एक भाकरी मागितली.

वैशाखात लग्न लागलं. फोटोग्राफर मागं सरकत सरकत पार पंगतीत जाऊन पोचला. मुंडावळ्यांआडून सुकन्या हळूच म्हणाली, "आता दिसतीया का वो मी?"

"आता तूच दिसतीयास," मल्हार म्हणाला.

आठवड्यानं फोटो धुऊन आला. नवरा-नवरी अगदी झकास, एकाला एक. आणि नवरीच्या पलीकडं सर्जेरावांचा एक कान आणि फेट्याचं टोक.