आनंदमेळ्यातले शेवटचे दुकान

"बापूरावकाकांच्या चोखंदळपणापायी आम्ही आनंदमेळ्यात दुपारभर उपाशी हिंडलो, आणि शेवटी त्यांनी आम्हाला सर्वांत भिकार दुकानात नेऊन बसवले." हे वाक्य बापूराव मास्तरांच्या पुतण्याने त्यांच्या शोकसभेत उच्चारले आणि सारा मंडप हसला. मी हसलो नाही. त्या दुपारी हा पुतण्या बहुतेक वेळ विजेच्या पाळण्यात बसून किंचाळत होता; मी बापूरावांच्या पाठोपाठ चालत होतो. कोणाची साक्ष ग्राह्य, ते वाचकांनी ठरवावे.

म्हणे चोखंदळ! वाटूरच्या शाळेत आम्ही दोघे मास्तरांनी वर्षानुवर्षे मांडीला मांडी लावून डबा खाल्ला. वरणात मीठ नाही, हे त्यांना कधी कळले नाही. एकदा वहिनींनी घाईत बैलांसाठी शिजवलेले हुलगेच डब्यात भरून दिले. ते त्यांनी संपवले आणि वर म्हणाले, "आजची उसळ बराबर जमली." अशा जिभेला चोखंदळ म्हणणे म्हणजे दगडाला गुदगुल्या होतात म्हणण्यासारखे आहे.

आता ती दुपार. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या मैदानावर आनंदमेळा लागला होता. बापूरावांनी आपल्या कुटुंबाबरोबर मला, माझ्या पत्नीला आणि आमच्या सहा वर्षांच्या सुमनलाही हट्टाने नेले. ते गावातले जुने जमीनदार, आम्ही बौद्ध. विजेचा पाळणा सुमनने प्रथमच पाहिला होता. त्यातून उतरताच तिने जाहीर केले, "काका, आता जिलेबी!"

खाण्याचे दुकान आले की बापूराव म्हणत, "थांबा, तेल बघून येतो." कढई दर्शनी भागात उकळत असे, हे मात्र दुकानाच्या मागे जात. परतून मान हलवीत. "बराबर न्हाई."

वहिनी कळवळल्या. "अहो, लेकरं भुकेनं रडून राह्यली. बसा की कुठं तरी!"

"तेल खराब हाय."

"घरी तर कसलंबी तेल चालतंय तुम्हाला!"

एका दुकानदाराने टोमणा मारला, "मास्तर, खायाला आले का तपासणीला?"

"दोन्हीला. अन् तुम्ही नापास!"

सुमन माझा हात ओढू लागली. "बाबा, आपण इथं का न्हाई बसायचं?" उत्तर मला ठाऊक होते, तिला ते त्या वयात कळावे, अशी माझी इच्छा नव्हती. बापूरावांनी तिला खांद्यावर घेतले आणि पुढे चालू लागले.

शेवटचे दुकान मैदानाच्या टोकाला, गुरांच्या हौदाजवळ होते. गिऱ्हाइकांपेक्षा माश्या अधिक. भजी काळी, जिलेबी चामट. बापूराव मागे गेले आणि अक्षरशः धावत आले. "बराबर हाय! बसा सगळे!" सुमनला त्यांनी बाकावर आपल्या शेजारी बसवले आणि तिच्या पेल्यातले उरलेले पाणी स्वतः प्यायले. त्या भज्यांनी आपले पोट बिघडले, असे पुतण्या सांगतो. बिघडले असेल.

परंतु पुतण्या दुकानांच्या मागे गेला नव्हता. मी गेलो होतो. बापूराव या विषयावर माझ्याशी शब्दानेही कधी बोलले नाहीत. आता मी बोलतो. आम्ही नाकारलेल्या प्रत्येक दुकानामागे, धुतलेल्या भांड्यांपासून दूर, खुंट्यांना काही कप-पेले निराळे टांगलेले होते. ते आमच्यासाठी. त्या शेवटच्या दुकानामागे खुंटी नव्हती. सगळे कप-पेले एकाच टोपल्यात होते.